बसून, गरम, दुसऱ्याच्या हातचं

हिवरखेड, १९ डिसेंबर १९३६, शनिवार

येत्या २८ ला चाळीस पुरी. म्हणजे दाखल्याप्रमाणे. आई सांगायची, तू झालीस तेव्हा तुरीला फुलं होती. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी त्या फुलांची २८ डिसेंबर करून टाकली. तीच माझी तारीख.

आज भाकरी थापता थापता ध्यानात आलं: चाळीस वर्षांत मी एकदाही बसून, गरम, दुसऱ्याच्या हातचं पोटभर जेवले नाही. घरात सगळ्यांच्या मागून. लग्नाकार्यात बायकांची पंगत शेवटची, तोवर भाजी तळाला. बाळंतपणात मिळालं ते डिंक-मेथी, त्याला जेवण म्हणत नाहीत. मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे, महिन्याला सही करून पगार घेते, आणि गार भाकरी तव्याशी उभी राहून खाते.

नाताळच्या सुट्ट्या लागतातच. ठरवलं. अकोला, मग अमरावती. हॉटेलात जेवायचं. दोघांनी.

हे वांग्याच्या वाफ्यात होते. खुरपं खाली ठेवलं. "कोनाच्या लग्नाले?"

"कोनाच्याच नाही. माह्या वाढदिवसाले."

खुरपं पुन्हा उचललं. मग म्हणाले, "मले काय, तू म्हनशील तसं." ह्यांचं हे असंच. भांडायला माणूस पुरत नाही.

२० डिसेंबर, रविवार

आत्याबाईंचा (सासूबाईंचा) पट्टा सकाळपासून सुरू. "चाळीस वर्साची बाई अन् वाढदिवस म्हने! पोरीचं लगन तोंडावर, अन् माय हाटेलात!"

यमू सतराची झाली. दर्यापूरच्या किसनरावांच्या पुंडलिकाशी सुपारी फुटली आहे, लग्न वैशाखात. किसनराव बागाईतदार, आमच्याच जातीचे, पण नाकाला फार जपणारे. यमूला मुलगा मनापासून आवडलाय. बोलत नाही, पण दर्यापूरचं नाव निघालं की झाडलेलं अंगण पुन्हा झाडते.

आत्याबाईंना म्हटलं, दर्यापूर कुठे, अमरावती कुठे. मी जेवले तर त्यांना ढेकर येणार आहे का?

अकोला, २६ डिसेंबर, शनिवार

बैलगाडीनं अकोट, तिथून मोटार. नाकातोंडात धूळ. धर्मशाळेत उतरलो.

दुपारी मारवाड्याच्या बाशात (खाणावळीत) गेलो, कापसाचे दलाल जेवतात तिथे. बाई मी एकटी. मालक म्हणाला, "बाई, आंदर पडद्यात बसा." पडदा सरकवून पाहिलं. पिठाची पोती, उंदरांच्या लेंड्या. म्हटलं, "पोत्याईले बसू द्या पडद्यात. मी बाहेर बसते." बसले. दलालांच्या माना वळल्या. बाटी आली तशा परत ताटाकडे गेल्या.

बाटी फोडून तिच्यावर तूप. डाळ, लसणाची चटणी. वाढणारा थांबायचं नाव घेईना. मी "बस" म्हटलं तरी आणखी एक. जन्मभर मी दुसऱ्यांकडून "बस" ऐकत आले. आज मी म्हणाले. फार बरं वाटलं. पुन्हा एकदा म्हणाले, उगाच.

हे प्रत्येक घासाआधी इकडेतिकडे पाहतात. चोरून जेवायला बसल्यासारखे.

२७ डिसेंबर, रविवार

सकाळी चहा नि भजे, स्टेशनजवळ. चहा कपबशीत. हे म्हणाले, "आपल्या पालकाचे याच्याहून बरे होतात." होतात. पण ते मला तळावे लागतात.

दुपारच्या गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती. डब्यात ह्यांनी दोनदा विचारलं, "बरी हाय न वं?" बरी होते. इतकी बरी कधीच नव्हते.

अमरावती, २८ डिसेंबर, सोमवार

चाळीस.

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

खाणावळ मोठी, वकिलांच्या वस्तीत. आत ब्राह्मणांची पंगत, ओसरीवर बाकीच्यांची. तेवढं ठाऊक होतं. म्हटलं, ओसरी तर ओसरी, हवा तरी येते. दहा-बारा जण होतो ओसरीवर. मी पुरुषांच्या पंगतीतच बसले, ह्यांच्या शेजारी. केळीचं पान, पाट. वांग्याची भाजी, अळू, कढी, पुऱ्या, बासुंदी. वांग्याला पाणी जास्त दिलेलं, ते पहिल्याच घासाला कळलं, ह्यांनीही मान हलवली. पण बासुंदी! वाटी रिकामी झाली की भरायची. मी चार पुऱ्या आणि तीन वाट्या बासुंदी खाल्ली. गरम. बसून. शेवटी तर डोळ्यांत पाणी आलं. ठसका लागला असं दाखवलं.

जेवण झालं. ओसरीवरचे सगळे आपापलं पान गुंडाळून उठू लागले. परसात टाकायचं, मग आपली जागा शेणानं सारवायची. आतल्या पंगतीची पानं मोलकरीण उचलत होती.

मी उठले, हात धुतला, पायरी उतरू लागले. मॅनेजर आला.

"बाई, पान राहिलं तुमचं."

"राहू द्या. तिकडची उचलतात तशी हेही उचला."

"बाहेरच्या पंगतीनं आपलं पान आपण उचलायचं. नियम आहे."

म्हटलं, "घरी रोज उचलते, पंचवीस वर्षं झाली, घरभराचं उचलते. आज जेवायला आले, उष्टी काढायला नाही."

त्याचा आवाज चढला. मग माझाही. पुस्तकी बोलणं गेलं कुठल्या कुठे. "आमच्या हातचं वांगं तुमच्या चुलीवर चालते, अन् आमचं पान उचलाले तुमचा हात इटाळते? काहून?"

आतले जेवते हात थांबले. दुसऱ्या पंगतीचे लोक पायरीवर उभे, भुकेले. मॅनेजर म्हणाला, पान उचलल्याशिवाय पुढची पंगत बसणार नाही. लोक माझ्यावरच चिडू लागले. एक जण म्हणाला, "उचला न बाई, एवढ्यानं काय झिजनार हाय?" मी पुन्हा पाटावर जाऊन बसले. म्हटलं, संध्याकाळपर्यंत बसते.

खरं सांगायचं तर घाबरले होते. उठावं कसं ते कळत नव्हतं.

तेव्हा हे उठले. मला वाटलं, आता हात धरून नेणार. ह्यांनी धोतर खोचलं, खाली वाकून माझं पान गुंडाळलं. माझं उष्टं. चार लोकांत. परसात टाकून आले, शेणाचा हात फिरवला, हात धुतले. पंगतीतला एक जण तर हसलाच.

मग मॅनेजरला म्हणाले, अगदी हळू, बाजारात भाव सांगतात तसं: "तिचा वाढदिवस हाय म्हनून तिचं मी उचललं. माहं तुमी उचला."

आणि स्वतःचं पान तसंच ठेवून चालू लागले. मी मागे. कुणी अडवलं नाही.

पुढं बऱ्याच अंतरावर म्हणाले, "कढी बरी होती."

२९ डिसेंबर, मंगळवार

अजून एक दिवस राहायचं मीच ठरवलं. पळून गेलो असं वाटायला नको.

उपाहारगृह, संगमरवरी मेजं. कोथिंबिरीची सांबारवडी आणि दह्यातला गिला वडा. उठताना हे बशा गोळा करू लागले, सवयीनं. मी हात दाबला. बशा तिथेच राहिल्या आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

मला ह्यांच्याकडे बघायची लाज वाटते. पंचवीस वर्षं ज्यांना 'मुखदुर्बळ' म्हणत आले, त्यांच्याकडे.

हिवरखेड, ३१ डिसेंबर, गुरुवार

पोचलो. आत्याबाईंना काही सांगितलं नाही. यमूला सगळं सांगितलं. ती हसली, मग एकदम म्हणाली, "दर्यापूरचं कोनी नव्हतं न तिथं?"

नव्हतं. मला दिसलं तरी नाही.

५ जानेवारी, मंगळवार

होतं. हसला तो माणूस. किसनरावांच्या भावकीतला.

पत्र आलं, मोडीत, किसनरावांचं. खाणावळीत जेवलो याबद्दल काही नाही. स्वतःही जेवत असतील. बाईनं तंटा केला याबद्दल एकच ओळ. बाकी सगळं ह्यांच्यावर. "पुरुषाने बायकोचे उष्टे चारचौघांत उचलणे हे आमचे ऐकण्यात कधी आले नाही. अशा घरची मुलगी आणावी किंवा कसे, असे भाऊबंद विचारीत आहेत."

आणि शेवटी, मोठ्या मनानं: "विहीणबाईंची प्रकृती त्या समयी बिघडली असल्यास तसे दोन ओळींत कळवावे. म्हणजे आम्हांस चार लोकांस दाखविता येईल आणि विषय मिटेल."

म्हणजे मी आजारी पडायचं. आठ दिवसांपूर्वी.

आत्याबाई म्हणाल्या, लिही. त्यात काय, बाई मानसाले कधी बी चक्कर येते.

६ जानेवारी, बुधवार

यमू रात्रभर रडलेली दिसते. तोंड सुजलं आहे. "आई, दोन ओळी तं हायेत. लिहून टाक न."

बासुंदी मी खाल्ली. नाक माझं वर राहिलं. आणि संसार तिचा मोडतोय. शाळेत आज मुलींना उगाच रागावले. मला माझाच राग आला आहे.

लिहायला बसले. "छातीत कळ आल्यामुळे" इथवर लिहिलं. अक्षर चांगलं आलं. खोटं लिहितानासुद्धा माझं अक्षर चांगलं येतं, मास्तरीण ना.

ह्यांनी मागून वाचलं. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. "कळ कवा आली?"

"आली नाही. यमूसाठी लिहून राहिली."

म्हणाले, "चार पुऱ्या खाल्ल्या तू. मी मोजत होतो, म्या आनंदानं मोजल्या. आजारी बाई चार पुऱ्या खाते काय?" आणि कागद घेऊन चुलीत घातला. मग यमूजवळ बसले. तिच्याशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दोघं मळ्यात गेली. आली तेव्हा यमू रडत नव्हती, पण माझ्याशी बोललीही नाही.

९ जानेवारी, शनिवार

किसनरावांना पत्र लिहिलं. खरं तेवढंच. प्रकृती उत्तम होती. पान ह्यांनी राजीखुशीनं उचललं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उचलतील, असं हे सांगतात. मुलगी तुमच्या घरात द्यायची आमची मनापासून इच्छा आहे, खोटं बोलून द्यायची नाही.

पाकीट बंद करणार तोच यमू म्हणाली, "थांब." टाक घेतला. खाली, आपल्या अक्षरात, वडीलधाऱ्यांच्या पत्रात मुलीनं लिहू नये ते लिहिलं:

"पुंडलिकरावांना विचारावे. माझे पान तुम्ही उचलाल का, एवढेच कळवा. बाकी मला काही नको."

म्हटलं, खोड हे. हे लिहिलंस तर मोडलंच समज. ती म्हणाली, "आता तू भेतं काय?"

हो, भिते. माझ्यासाठी नव्हते भीत, तिच्यासाठी भिते. आईपण असंच असतं, तोंडावर आपटवणारं. पण खोडायला लावलं नाही. पाकीट मीच चिकटवलं.

आत्याबाईंना यमूनं काय लिहिलं ते वाचून दाखवलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. म्हातारी कितीतरी वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "माहं कोनी उचललं नाही. कवाच. बिमार होती तवा बी नाही."

१५ जानेवारी, शुक्रवार

टपाल आलं. आमचं नाही.

गावात कुजबुज सुरू. विहिरीवर दोघी गप्प झाल्या मी गेल्यावर. मी मुद्दाम दोन घागरी जास्त भरल्या.

१९ जानेवारी, मंगळवार

नाही.

हे वांगी घेऊन अकोटच्या बाजारात गेले. येताना केळीच्या पानात बांधून बालूशाही आणली. वाढदिवस संपला म्हटलं. "मले म्हाईत हाय," म्हणाले. यमूनं एक खाल्ली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा काही आवडीनं खाल्लं तिनं.

आता मोडलं तर तिच्यासाठी दुसरं स्थळ या पंचक्रोशीत मिळणार नाही, हे मला कळतं. तिलाही कळतं. तरी तिनं ती ओळ लिहिली. मला तिचा अभिमान वाटतो आणि त्याच तोंडानं देवाला म्हणते, होऊ दे रे हे लग्न.

२२ जानेवारी, शुक्रवार

दुपारी शाळेतून आले तर पोस्टमन दारात. दर्यापूरचा शिक्का. किसनराव मोडीत लिहितात. पत्ता बाळबोध लिपीत होता, थोडा तिरपा, नवख्या हाताचा. वर माझं नाव नाही, ह्यांचंही नाही. यमुनेचं. पुंडलिकाचंच असणार.

आत्याबाई म्हणाल्या, फोड. हे म्हणाले, "जिचं तिले द्या."

यमूनं पाकीट घेतलं, पदरानं घाम पुसला, आणि मळ्याकडे गेली. तास होऊन गेला. इथून दिसते, वांग्याच्या वाफ्यापाशी घराकडे पाठ करून बसली आहे. पाकीट फोडलंय की नाही, दिसत नाही. आत्याबाई तीनदा दारापर्यंत जाऊन आल्या. मी स्वयंपाक केला. चौघांचं वाढून ठेवलं आहे, गरम आहे अजून. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.