डावा बूट, चार सूत

प्रिय फुटपट्टी,

गुरुवारी सकाळी माझ्या उजव्या खुब्याचा एक्स-रे काढला. सांध्याचा गोळा आणि वाटी यांच्यामधली फट संपली आहे, हाडावर हाड घासतंय आणि सांधा बदलण्यावाचून गत्यंतर नाही, असं आपल्या एक्स-रेवाल्या मॅडमनी सांगितलं. तुला आठवत असेल, या बाई कधी 'बहुधा' लावल्याशिवाय बोलल्या नाहीत. हाडाचे दोन तुकडे समोर दिसत असले तरी रिपोर्टात 'बहुधा फ्रॅक्चर' लिहायच्या आणि आपण त्यांना हसायचो. या वेळी त्यांनी 'बहुधा' लिहिलं नाही. तेवढ्यावरूनच मी काय ते समजलो.

म्हणजे ऑपरेशन होणार, हे ठरलं. घरी ही म्हणाली, "आयुष्यभर लोकांना सांगितलंत, घाबरू नका, साधं ऑपरेशन आहे. आता स्वतःला सांगा की." मी सांगून पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही. घाबरलोय असं नाही, पण जिन्याच्या बारा पायऱ्या चढताना मी सातव्या पायरीवर उभा राहून भिंतीवरचा फोटो पाहतो. हल्ली तो फोटो मला फार आवडायला लागलाय, असं घरातल्यांना सांगून ठेवलंय. कोणाचा विश्वास बसलेला नाही.

प्रश्न एवढाच उरलाय की करणार कोण. विभागाची खुर्ची आता तुझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे असलेल्या 'पैलवाना'कडे आहे. त्याने लगेच फोन केला, "सर, दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही तुम्हाला." मुलगा मनाने सोन्यासारखा आहे, आणि त्याचा हात तर हुबेहूब माझा. हातोडा धरणं, पाय वळवणं, टाके घालताना मान तिरकी करणं, सगळं माझं. आणि नेमकं त्यामुळेच मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. का, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. तुला त्यातलं बरंचसं ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

तू पहिल्या वर्षाला आलीस त्या दिवशी तुझी उंची पाहून मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की ऑर्थोपेडिक्स हे तालमीतल्या लोकांचं काम आहे, पोरी, पाय ओढून धरायला दम लागतो. तू स्टूल ओढलंस, त्यावर चढलीस आणि म्हणालीस, "सर, दम कमी लागतो. कोन बरोबर लागतो." टेबलावरच्या पेशंटचा पाय जागेवर आला. सिस्टर मास्कच्या आत हसल्या ते मला डोळ्यांवरून कळलं. मग ती फळी आठवते का, पलीकडच्या बाजूला फुगा चिकटवलेली? ड्रिल लाकडातून आरपार जायला हवं आणि फुगा शाबूत राहायला हवा. हाडाच्या पलीकडे रक्तवाहिनी असते, ती फुगा फुटल्याशिवाय कोणाला पटत नाही. ज्याचा फुटेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा हा नियम. तुझा एकदाही फुटला नाही. पैलवानाने महिनाभर चहा पाजला.

मला तुम्ही मागे 'सुतार' म्हणायचात, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मला ते नाव आवडायचं. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडात खुंटी ठोकत जायचं आणि ठोक्याचा आवाज बदलला की थांबायचं, हे मी तुम्हाला कानाने शिकवलं. पोकळ आवाज आला म्हणजे अजून जागा आहे, भरीव आला म्हणजे बसली. तू मात्र कानाने ऐकून झालं की खिशातून स्टीलची फुटपट्टी काढायचीस. ऑपरेशनच्या टेबलाची उंचीसुद्धा तू मोजली होतीस. नाव मीच ठेवलं, आणि ठेवताना त्यात कौतुक थोडं आणि टोमणा जास्त होता, हे आज कबूल करतो.

कारण मी मोजत नव्हतो. चादरीखालून दोन्ही गुडघे चाचपायचे, टाचेला टाच लावायची, झालं. आणि मनात शंका असली तर पाय किंचित लांब ठेवायचा, म्हणजे भोवतीचे स्नायू ताणलेले राहतात आणि नवा सांधा निसटत नाही. माझं ते वाक्य तुम्ही सगळे पाठ म्हणायचात: निसटला तर नाक कापलं जातं, लांबला तर बुटाने भागतं. माझ्या गुरूंचं वाक्य होतं ते. मी ते कधी उलटून पाहिलं नाही. पेशंट सहा आठवड्यांनी यायचे, काठी टाकून चालून दाखवायचे, वाकून नमस्कार करायचे. तक्रार कोणाचीच नव्हती.

तक्रार नव्हती, कारण तक्रार घेऊन ते माझ्याकडे येतच नव्हते. ते हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या बूटवाल्या मामांकडे जात होते. हे तुला कळलं ते बॅगेचा पट्टा शिवायला गेलीस म्हणून. मामांच्या फळीवर बुटांच्या जोड्या, प्रत्येक जोडीतल्या एकाच बुटाचा तळ उंच केलेला आणि आत चिठ्ठी: डावा, तीन सूत. उजवा, दोन सूत. मामा इंचाचा आठवा भाग अजून सुतातच मोजतात. दुसरी कोणी असती तर पट्टा घेऊन परत आली असती. तुझ्या लक्षात आलं की उंच केलेला बूट ऑपरेशन न झालेल्या पायाचा आहे. म्हणजे झालेला पाय लांब झालाय.

तुझ्या प्रबंधाचा विषय तू तोच धरलास. सकाळच्या बैठकीत तू उभी राहिलीस, बावीस चिठ्ठ्या, त्यातल्या एकोणीस आपल्या विभागाच्या, आणि आकडे वाचायला लागलीस. तू चौथ्या आकड्यापर्यंत पोचली होतीस. मी म्हणालो, "पुरे. उद्या न्हाव्याच्या दुकानात केस मोजून प्रबंध लिहाल." सगळे हसले. मोठा डॉक्टर विनोद करतो तेव्हा सगळे हसतात, तो विनोद किती बरा आहे याचा त्याच्याशी संबंध नसतो. तू कागद सरळ करून फाइलमध्ये ठेवलेस आणि म्हणालीस, "ठीक आहे सर." मी तुला मनगटाच्या प्लास्टरचा विषय दिला. तू तो चोख केलास. परीक्षा पास झालीस आणि गेलीस. निरोपाला मी आलो नाही, ऑपरेशन होतं असं सांगितलं. ऑपरेशन होतं हे खरं, पण ते अकरा वाजताच संपलं होतं.

गेल्या वर्षी तुझा शोधनिबंध छापून आला. दोनशे पेशंट, ऑपरेशन चालू असतानाच कमरेच्या हाडात खूण रोवून पट्टीने घेतलेलं माप, पायांतला फरक बहुतेकांत अर्ध्या सेंटीमीटरच्या आत, आणि सांधा निसटण्याचं प्रमाण जराही वाढलेलं नाही. मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा चुका काढायला, दुसऱ्यांदा सापडल्या नाहीत म्हणून. तिसऱ्यांदा शेवटचं आभाराचं वाक्य वाचायला: ज्यांनी मला ठोक्याचा आवाज ऐकायला शिकवलं त्यांचे. मला वाटलं पत्र लिहावं. लिहिलं नाही. विद्यार्थिनीला 'तुझं बरोबर होतं' हे तीन शब्द लिहायला मला वर्ष लागलं, आणि तेही माझा स्वतःचा पाय आखूड झाल्यावर.

हो, आखूड. सांधा झिजला की पाय आखडतो, आपल्याच वर्गातला धडा आहे हा. दोन महिन्यांपूर्वी कंबर इतकी दुखायला लागली की मी गुपचूप मामांकडे गेलो, घरी सांगितलं बुटाला पॉलिश करायचं आहे. मामांनी चालून दाखवायला लावलं, बूट हातात घेतला आणि म्हणाले, "उजवा, तीन सूत. डॉक्टरसाहेब, तुमचे पेशंट इतकी वर्षं येतायत, तुम्ही पहिल्यांदाच." मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "त्यात लाजायचं काय? तुमच्या ताईंचा बूट मीच करतो की. बारा वर्षं झाली. डावा, चार सूत."

ताईचं ऑपरेशन मी स्वतः केलं होतं, तुझ्या प्रबंधाच्या आदल्या वर्षी. उजवा खुबा. मी मामांच्या लाकडी बाकावर एका पायात बूट आणि एका पायात मोजा असा बसून राहिलो. मामांना वाटलं पाय दुखतोय. त्यांनी पाणी दिलं. मग तेच म्हणाले, "त्या छोट्या डॉक्टरबाईंना ठाऊक होतं. चिठ्ठ्या उतरवून घेतल्या तेव्हा ताईंची त्यांनी बाजूला ठेवली. म्हणाल्या, ही नको, ही सरांच्या घरची आहे."

घरी येऊन मी तुझा जुना मसुदा शोधला. टाकला नव्हता, का ते विचारू नकोस. तक्त्याखाली बारीक अक्षरात होतं: एकूण चिठ्ठ्या तेवीस, एक वगळली. कारण लिहिलेलं नाही. प्रत्येक गोष्टीचं कारण लिहिणारी मुलगी तू. बैठकीत मी तुला हसण्यावारी नेत होतो तेव्हा ती चिठ्ठी वाचली असतीस, तर खोलीतला एक माणूस हसला नसता. माझं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. तू फाइल मिटलीस.

ताईला विचारलं. ती शेंगा सोलत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, "तुला काय सांगायचं रे? एवढा मोठा डॉक्टर तू, सगळीकडे माझ्या भावाने केलं म्हणून सांगत फिरले मी. आणि चालता येतंय ना मला?" चालता येतंय. बारा वर्षं एका उंच बुटावर चालता येतंय, आणि घरात अनवाणी असताना ती भिंतीला हात लावत चालते, त्याला मी वय समजत होतो. मी तिला उभं केलं, डाव्या पायाखाली एकेक पातळ पट्टी सरकवत गेलो, कंबर सरळ होईपर्यंत. तेरा मिलिमीटर. चार सूत म्हणजे तेवढंच. मामांचा हात माझ्यापेक्षा बरोबर निघाला. ताई म्हणाली, "झालं का तुझं? शेंगा राहिल्यात."

त्यानंतर मला राहवेना. जुन्या पेशंटांचे पत्ते काढले आणि आठवड्यातून तीन सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागलो, पिशवीत पट्ट्या घेऊन. आतापर्यंत एकेचाळीस जण झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेने दार उघडल्या उघडल्या माझ्या चालण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं कोणी केलं, डॉक्टर?" मी म्हटलं, अजून कोणीच नाही. ती म्हणाली, "मग नीट बघून निवडा." सगळे आकडे या पत्रासोबतच्या वहीत आहेत. पहिल्या ओळीत ताई आहे. तू वगळलेली ती एक आता तक्त्यात घाल. तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणते, नाव नको, आकडा खुशाल छापा.

आता पत्राचं कारण. सोमवारी तुझ्या ओपीडीत माझा नंबर चौदावा आहे. तुझ्या स्वागतकक्षातल्या बाईंनी वय आणि तक्रार विचारली, पूर्वी कोणाला दाखवलं होतं का विचारलं. मी कोण ते सांगितलं नाही. पण यादीत एकदम माझं नाव दिसून तुला कोंडीत पकडल्यासारखं वाटू नये, म्हणून आधी लिहितोय. माझं ऑपरेशन तू करावंस, तुझ्या पद्धतीने, माप घेऊन, असं मला वाटतं. नाही म्हणायचं असेल तर त्या बाईंना सांग, चौदावा नंबर दुसऱ्याला द्या. मी समजेन आणि पैलवानाकडे जाईन, तोही काही वाईट करणार नाही. तू काही कळवलं नाहीस, तर मी येईन. तेरा जण होईपर्यंत बाहेर बसेन. आत आल्यावर तू सांगशील, "सर, बूट काढा, सरळ उभे राहा," आणि मी भिंतीला हात न लावता उभा राहायचा प्रयत्न करीन. तू वाकून पायाखाली पट्ट्या सरकवशील, आणि मग आकडा मोठ्याने वाचशील. या वेळी पूर्ण वाच. मी लिहून घेईन.

तुझाच,
सुतार