आमच्याच छतावरचे पॅनल

रविवार, संध्याकाळ

आज आमच्या देवळालीच्या घरावरचे पॅनल मी एकटीने इन्व्हर्टरला जोडले. माझा नवरा संजय आणि मी पार दिंडोरीपर्यंत घरोघरी सोलर बसवत फिरलो, आपलं मात्र राहूनच गेलं. मग तो तापाने गेला.

उन्हात पॅनलच्या वायरींत वीज असतेच, म्हणून आधी डीसी स्विच बंद केला. दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे पॅनलच्या दोन्ही माळा, मीटरवर तपासल्या, तर दुसरीला वजाचं चिन्ह. प्लस-मायनस उलटे! तशीच जोडली असती तर इन्व्हर्टर गेलाच असता. टोकं बदलून पुन्हा मोजलं. व्होल्टेज बरोबर आलं. तरी ते वजाचं चिन्ह डोळ्यांपुढून हलेना. इतकी साधी चूक मी कशी केली? त्याच्याशिवाय मला जमणार आहे का हे?

सगळं जोडून झालं आणि सवयीने ओरडले, "करू का रे चालू?" दरवेळी छतावरून त्याचं "कर!" यायचं, मगच मी स्विच टाकायचे. आज वर कोणीच नव्हतं. हात स्विचवरच राहिला. रडू आवरेना.

ओरडणं ऐकून सासूबाई बाहेर आल्या. त्यांना यातलं काही कळत नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कर बाई चालू. मी हाय."

मी स्विच टाकला.