मातीत जीव नाही

१४ नोव्हेंबर १९८८
शिरपूरजवळच्या केळीच्या मळ्यात आले. लेक चुडामण इथे नवा रखवालदार. सून कुंदाचे दिवस भरलेत, म्हणून मला बोलावणं. घर पक्कं, पाणी दारात. मुंगी नाही की गोम नाही; गूळ उघडा राहिला तरी कुणी ढुंकून बघत नाही. म्हटलं, फुकटचे पाहुणे टळले. प्रौढवर्गाच्या बाईंनी रोज लिहा सांगितलंय, म्हणून हे.

१७ नोव्हेंबर
नातू झाला. नाक आजोबाचं, म्हणजे बिघडलंच. नाळेसकट वार परसात पुरली. वार मातीत मिळाली की पोर जमिनीला धरतं. खणताना एक गांडूळ निघालं नाही. केळीची गेल्या सालची पानंसुद्धा वाळून अख्खी पडलीत. मजूर कमलबाई म्हणाली, मालकानं किडीची पावडर ओतून ओतून बठ्ठं जीवजंतू मारलं. आठे माटीमा जीव नही शे अक्का, काही सडत नही. म्हटलं, तुझी जीभ तेवढी सडली.

२४ नोव्हेंबर
कुत्र्यानं उकरलं. वार होती तशीच. लाल, ओली. हात लावला तर कोमट.
कुजवायलाही जीव लागतात. नदीकाठच्या पाचोळ्यातून टोपलंभर आणले, गांडुळं, वाणी किडे, वाळवी. वारेवर सोडले. वर पानं पसरली. खा म्हटलं, पंगत समजा.

२६ नोव्हेंबर
वरच्या पानांची चाळण झाली. कामाला लागले. पोर मात्र सकाळपासून रडतंय. टाचेला बारीक टोचे. ढेकूण असतील म्हणून गोधड्या उन्हात टाकल्या. ढेकूण नाहीत.

२८ नोव्हेंबर
पोर हलकं लागतंय. दूध पितं, तरी. डॉक्टर म्हणे अंगावर उठलंय. उठलेलं नाही. पाठीची चाळण — त्या पानांसारखी.

२९ नोव्हेंबर
उकरलं. वार अर्धीच उरली. धडधडते. एक वाणी चिमटीनं उपटला — घरात पोर रडायचं थांबलं. दुसरा चिकटला, पुन्हा किंचाळलं.
मीच आणले.

३० नोव्हेंबर
आम्ही सगळे किडे वेचतोय. संपत नाहीत. नदीकडून रांग लागली — हे मी आणलेले नव्हेत. चुडामण पावडर घेऊन धावला. म्हटलं, मेल्या, वारेवर टाकशील म्हणजे पोरावर —

दुपार
वार घमेल्यात काढली. घमेल्यावर चढतात. मग मीच खड्ड्यात पाय सोडून बसले. म्हातारं हाड, लवकर कुजेल. घ्या म्हटलं.
किडे वळले. घमेलं सोडून माझ्याकडे — रडणं कमी झालं. कुंदा आतून ओरडते, दूध ओढतोय, आत्या. चुडामण मला ओढतो. हात लावू नको म्हटलं. पाय जाणवत नाहीत आता. गुडघ्यापर्यंत — बरंय. पोर झो