आग्नेय कोपऱ्यातली भाडेकरू

२ एप्रिल, पिंप्राळा, जळगाव
आले एकदाची! मस्कतला एकवीस वर्षं, सात घरं, सगळी भाड्याची. तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला अर्ज करावा लागे. आज इथे आल्या आल्या तीन खिळे ठोकले. एकावर कॅलेंडर, एकावर पिशवी, तिसरा निव्वळ माज म्हणून. घर हेही भाड्याचंच, अकरा महिन्यांच्या कराराचं; पण मालक दीपक कॅनडात, त्यामुळे माज परवडतो. धुळ्याहून लोटनदादा फोनवर चिडला. म्हणाला, ज्योत्स्ना, परदेशात घर घेता आलं नाही ते ठीक, आता आपल्या मुलखात तरी स्वतःचं घे की. मी म्हटलं, दादा, नळ गळला तर तो मालकाचा, हे सुख तुला कळायचं नाही.

६ एप्रिल
शेजारच्या झुंबरबाई कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. सगळं घर न्याहाळलं, स्वयंपाकघरात मात्र पाऊल टाकलं नाही. दारातूनच म्हणाल्या, बठ्ठं घर चांगलं शे, फक्त त्या कोपरामा काही नको ठेवू. कोपरा आग्नेयेचा. त्या गेल्यावर मी माठ नेमका तिथेच ठेवला. आमच्या घराण्यात मुली अशाच निपजतात.

११ एप्रिल
माठ कलंडला. पाणी पसरलं नाही, खाली गेलं. एक फरशी वीतभर खचलीय, खाली खड्डा, कडा सुरीने कापल्यासारख्या. झुंबरबाईंनी उलगडा केला. सहा वर्षांपूर्वी दीपकने घर घेतलं, वास्तुशांतीला रजा मिळेना, म्हणून व्हिडिओ कॉलवर पूजा. गुरुजींनी वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरायला त्या कोपऱ्यात खड्डा खणून घेतला, मंत्र म्हणून बोलावणं केलं आणि रेंज गेली. दीपकने नंतर निरोप धाडला, उरलेलं पुढच्या खेपेला. गुरुजी प्रतिमा घेऊन परत गेले. आन तो उनाच नही, झुंबरबाई म्हणाल्या. दीपक आलाच नाही. म्हणजे वास्तुपुरुषाला बोलावलं, पण बसवलं नाही. मला हसू आवरेना.

१७ एप्रिल
खड्डा हातभर लांब झाला. दीपक फोनवर हसून म्हणतो, मुरूम बसला असेल, ताई. गवंडी बोलावून मुरूम भरून घेतला, वर सिमेंट. जेवण करून येते तो खड्डा रिकामा, झाडून घेतल्यासारखा. नळ मालकाचा असतो, तसं हेही मालकाचंच. मी का घाबरू?

२१ एप्रिल
शिवणाच्या टेपने मोजला. काल अडीच फूट, आज तीन. आधीच्या भाडेकरूंचं विचारलं. झुंबरबाई म्हणाल्या, शेवटचे चुडामण मास्तर, एकटेच राहायचे. सगळे म्हणाले, तीर्थाला गेले असतील. त्यांच्या चपला अजून मागच्या दारी आहेत.

२४ एप्रिल, धुळे
पळाले नाही. दादाला भेटायला आले, इतकंच.
दुपारी दादाची सून सुलक्षणा म्हणाली, आत्या, ही फरशी सकाळी तर नीट होती. स्वयंपाकघर. आग्नेयेचा कोपरा. वीतभर. तिची दीड वर्षाची मुलगी शेजारीच बसून डबे वाजवत होती.
बॅग उघडलीच नव्हती. तीच उचलली, चारची बस धरली.

२५ एप्रिल, पिंप्राळा
सुलक्षणाचा फोन. फरशी आपोआप वर आली म्हणे. बरं झालं.
इथे पाच फूट एक इंच.
माझी उंची पाच फूट एक.

२८ एप्रिल
वाढायचा थांबला. तीन दिवस तेवढाच.
दीपकचा फोन. पहिल्यांदाच हसला नाही. म्हणतो, परवा आखाजी, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त आहे, घर घेऊन टाका. मालकाला ते हात लावत नाही. मग तुम्हीही एखादा भाडेकरू ठेवा, ताई. मी तेच करत आलो.
म्हणजे मी भाडेकरू नव्हतेच. नैवेद्य होते.
नाही म्हटलं. दोनदा म्हटलं, रेंज चांगली होती.

२९ एप्रिल
फाटकावर ऑइल पेंटने मोठ्या अक्षरात — हे घर भाड्याने देणे नाही, विकणे नाही. झुंबरबाईंनी डबा धरला. शेवटचं अक्षर होईपर्यंत सोडला नाही. म्हणाल्या, माझ्याकडे चल. त्यांच्या घरात चार माणसं. त्यांचंही स्वयंपाकघर आग्नेयेलाच —

३० एप्रिल, आखाजी, भर दुपार
दीपकचा मेव्हणा दारात. दाराखालून घरखरेदीचा कागद सरकवलाय. एक सही करा ताई, म्हणतोय, एकच. फरशा एकेक करत खचत खुर्चीपर्यंत —
सही केली तर सुटेन. मग पुढचा कोण? कुणाची तरी सून, कुणाची तरी —
फाडला. तुकडे दाराखालून परत. तो शिव्या देतोय. देऊ दे.

गुरुजी प्रतिमा पालथी ठेवतात म्हणे. मी पालथी होणार नाही. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि माती एवढी गार — गुडघ्यापर्यंत — ऐक, तुला बोलावलं दीपकने, मी नाही. माझा करार फेब्रुवारीपर्यंतचा आहे. मी उताणीच, डोळे उघडे ठेवून, तू कोण ते नीट बघून घेणार आणि इथे लिहून ठेव