कंपनी कोणाच्या पाठीशी

१३ जाने. ८६
पुन्हा तोच वाद. संगणक विभागात प्रोग्राम लिहिणारे दोघेच. मी कोबॉलवाला, ढोके पास्कलवाला. वरून हुकूम आलाय: एक भाषा ठेवा, एक माणूस ठेवा. दुसऱ्याने कन्हानच्या गोदामात नटबोल्ट मोजावेत. देशकर साहेब म्हणतात, मशीनवाली कंपनी पुढे जी भाषा सांभाळेल ती ठेवू. ढोक्याला वाटतं, पास्कल. वाटू दे.

१६ जाने.
जेवताना ढोक्याचं कीर्तन. पास्कल कशी नेटकी, कशी शिस्तीची. म्हटलं, तुझी पास्कल म्हणजे वरातीतला घोडा. मिरवायला बरा, नांगराला नाही. सगळे हसले. तो डबा झाकून उठला, भाजी तशीच. मजा आली.

३ फेब्रु.
मुंबईहून मशीनवाल्या कंपनीचा कामत आला. देशकरांनी तोंडावर विचारलं. म्हणतो, "कंपनी दोन्ही भाषांच्या पाठीशी आहे." गुळगुळीत माणूस. ढोके त्याला जीव तोडून पास्कल समजावत होता आणि तो घड्याळ बघत होता. संध्याकाळी मी कामतला सावजीकडे तिखट जेवायला नेलं. नाकाडोळ्यांतून पाणी, तरी रस्सा मागून घेत होता.

४ फेब्रु.
जिंकलो. कामतने निघताना कोबॉलची तिन्ही जाडजूड पुस्तकं मला दिली. ढोक्याला चिटोरासुद्धा नाही. पुस्तकं देशकरांच्या टेबलावर नेऊन आपटली. कंपनी कोणाच्या पाठीशी, ते आता वेगळं सांगायला नको.
ढोके म्हणाला, "पुस्तकं देल्ली म्हणजे का झालं गा? नवीन मशीन येऊन राहिली ना, ते तं पाहू दे आधी."
देशकरांनी ऐकलं नाही. पुस्तकांवर हात फिरवत बसले होते.

१० फेब्रु.
ढोके गेला. जाण्याआधी त्याच्या प्रोग्रामांची टेप त्याच्याच हाताने पुसवून घेतली. मलाही पुसता आली असती, पण म्हटलं, तूच पूस. टेपा कमी आहेत, हे खरंच होतं. सगळं पास्कल जाईपर्यंत तो मशीनकडे बघत उभा. मग बाहेर जाऊन चपला घातल्या आणि निघाला. आत धूळ नको म्हणून आम्ही सगळे अनवाणी. चपलांच्या रॅकमधला त्याचा वरचा कप्पा मी घेतला. खाली वाकावं लागत नाही.
घरी मंदा म्हणाली, "त्याच्या बायकोले दिवस आहेत, माहीत आहे ना तुमाले?"
माहीत आहे. कोणीतरी जायचंच होतं.

१२ मे
ऊन मी म्हणतंय. मशीनसाठी एसी, त्यामुळे आत मी स्वेटर घालून. कन्हानचं गोदाम पत्र्याचं. ढोक्याची आठवण आली. बरं वाटलं.

१९ मे
नवं मशीन आलं, सोबत कामत. कोबॉलची टेप कुठे, विचारलं. म्हणाला, ह्या मशीनवर कोबॉल येणारच नाही. पास्कल.
मग पुस्तकं का दिली होती?
"मुंबईचं कपाट रिकामं करत होतो. म्हटलं, रद्दीत घालण्यापेक्षा कोणाला तरी द्यावीत."
देशकर माझ्याकडे बघत होते. कामतने विचारलं, आज सावजीकडे जायचं ना?

२१ मे
देशकरांनी ढोक्याला आणायला मलाच पाठवलं. दुसरं कोणी नव्हतं का? गोदाम तव्यासारखं तापलेलं. ढोके काळवंडलाय. माठातलं पाणी दिलं त्याने, मग खाली बसून पुन्हा मोजायला लागला. मी बोलत राहिलो. कंपनी, पास्कल, सगळ्यांना तुझीच आठवण. हलकट वाटलं, तरी बोलत राहिलो.
शेवटी म्हणाला, "टेप पुसली. पण डोक्यात आहे सारं. येतो मी." मग किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला. "पण अठी माणूस लागते. कोण येऊन राहिला, साहेबाले इचारलं का?"
विचारलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात.

२६ मे
ढोके आला. रॅकपाशी उभा राहिला, वरच्या कप्प्याकडे बघत. मी माझ्या चपला उचलून खालच्या कप्प्यात ठेवल्या.
जेवताना सगळ्यांदेखत म्हणाला, "ते तीन पुस्तकं कन्हानले ने गा. नटबोल्ट बांधाले कागद पुरत नाही तठी." सगळे हसले. हे तेच सगळे. मी डबा झाकला.
देशकरांनी चारला बोलावलंय. कशाला, ते सांगितलं नाही. ढोक्याला माहीत असावं. शेजारी बसून पास्कल लिहितोय, एकदाही न अडखळता. मधेच वर बघतो, घड्याळाकडे.