ढवळीच्या पोटातले भाडेकरू

११ ऑगस्ट, सोमवार

आज पुन्हा नळी! चहाच्याही आधी. सूनबाईंनी, म्हणजे सृष्टीनं, ढवळीच्या तोंडात लाकडी ठोकळा अडकवला, त्याच्या भोकातून नळी घातली, घशाखाली सोडली आणि शेळीच्या पोटातलं हिरवं पाणी ओढून बाटलीत भरलं. वास असा की दारातलं कुत्रं उठून गेलं. सृष्टी मात्र बाटली उजेडात धरून बघत बसली — सोनाराच्या दुकानात बांगडी बघतात तशी.

सून आणली ती शहरातली, सावेडीची, एम.एस्सी. झालेली, मायक्रोबायोलॉजीवाली. बघायला गेले तेव्हा स्वयंपाक येतो का एवढंच विचारलं. शेळीच्या पोटात हात घालतेस का, हे विचारायचं राहून गेलं.

आठही शेळ्या मी वाढवलेल्या. आता त्या तिच्या पीएचडीत आहेत. चौघींना सुबाभळीचा पाला वाढवत न्यायचा, चौघींना नेहमीची वैरण. त्यापलीकडं एक दाणा नाही, एक साल नाही, शिळ्या भाकरीचा तुकडा नाही. दिवाळीपर्यंत! गोठ्याला पाटी लावलीय — 'कृपया शेळ्यांना काहीही खायला घालू नये.' घरात माणसं तीन. एक ती स्वतः. आमचे हे गोठ्याकडं फिरकत नाहीत. पाटी कोणासाठी ते कळायला मला एम.एस्सी. लागत नाही.

१४ ऑगस्ट

विचारलंच शेवटी — एवढं काय आहे त्या पाण्यात?

"आई, पाला शेळी पचवत नाही. तिच्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतात, ते पचवतात. शेळी त्यांच्या जिवावर जगते."

म्हणजे इतकी वर्षं मी शेळ्या पाळत नव्हते, भाडेकरू पाळत होते. तेही फुकटे.

सुबाभळीत एक विष असतं म्हणे. पाला जास्त झाला की शेळीचे केस झडतात. पण काही जिवाणू असे की त्यांना ते विषही पचतं. ते आमच्या शेळ्यांत आहेत का, आणि पाला हळूहळू वाढवला तर वाढतात का, हे तिला बघायचंय. असले तर दुष्काळात बांधावरचा पाला बिनघोर घालता येईल. आमच्या पाथर्डीकडं दुष्काळाची थट्टा करत नाहीत.

१७ ऑगस्ट, रविवार

करण आला होता सुप्याहून. कंपनीला सुट्टी एक दिवस, तो दिवस आईपुढं गाऱ्हाणी मांडण्यात. मेसचा भात कच्चा, आमटीत डाळ शोधावी लागते, पित्त वाढलंय. "लग्न होऊन मी मेसमधे जेवतोय, आई."

सृष्टी म्हणाली, दिवाळीपर्यंत थांब, मग मी सुप्याला येते, लिहायचं काम तिथूनही होईल. तो म्हणाला, दिवाळी म्हणजे दिवाळी, पुढं एक दिवस नाही.

खरं तर माझंही मत त्याच्याच बाजूचं. नवरा सुप्यात, बायको शेळीच्या पोटात — हा कुठला संसार? तिला तसं तोंडावर सांगितलंही, आणि हे काही पहिल्यांदा नाही. ती "हो आई" म्हणाली आणि बाटल्या धुवायला गेली.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. ह्यांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हाच बैल विकले. गल्लीतली शेवटची जोडी शेजारच्या कडूबाईची, तीही या उन्हाळ्यात बाजारात गेली. आता पोळ्याला ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कुंकू लावतात. पण ट्रॅक्टर डिझेल पितो, पुरणपोळी खात नाही. म्हणून आमच्याकडं नैवेद्याचा घास शेळ्यांना असतो.

सृष्टीला उद्या बाटल्या घेऊन विद्यापीठात जायचंय. झोपायला जाता जाता हळूच म्हणाली, "आई, या वर्षी नुसतं ओवाळलं तर?" म्हटलं, सणाला जनावराच्या तोंडाला गोड लावायचं नाही? एक घास देणार. एका घासानं कुणी मरत नाही. ती म्हणाली, "बरं. पण एकच."

२२ ऑगस्ट, पोळा

शेळ्या धुतल्या. शिंगांना हिंगूळ लावला. ओवाळलं, एकेक घास दिला. अगदी इमानदारीत. हात धुतले तोच कडूबाई ताट घेऊन दारात.

"विजाबाई, बैल गेलं म्हून सण बी गेला व्हय? घास तेवढा घालू दे. माघारी कुठं नेऊ?"

तिच्या मागं सगळी गल्ली! कुणाच्याच दारात बैल नाहीत, आमच्या दारात शेळ्या आहेत. पोळ्याचा नैवेद्य परत पाठवायचा म्हणजे पुढच्या पोळ्यापर्यंत बोलणी खायची. प्रत्येकीचा घास एकच — पण बायका किती! पुरणपोळी, भात, कुणाचा बाजरीचा खिचडा पाटीभर. बाकीच्या सातजणींनी थोडं थोडं खाऊन तोंड फिरवलं. ढवळीनं मात्र कुणाचंच मन मोडलं नाही.

सृष्टी संध्याकाळच्या एसटीनं आली. गल्लीच्या घासांचं तिला सांगितलं नाही. सणाच्या दिवशी कशाला.

२३ ऑगस्ट

ढवळी उठेना. डावी कूस टम्म फुगलेली. रवंथ बंद, दात खाते, आंबट वासाचं पातळ हागते. सृष्टीनं एवढंच विचारलं, "किती खाल्लं?" सांगितलं सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, गोड आणि दाणा एकदम पोटात पडला की आंबतं, आणि त्या आंबटात पाला पचवणारे मरून जातात.

खायचा सोडा पाण्यात कालवून तिनं पाजला. डॉक्टर सुई देऊन गेले. उद्यापर्यंत टिकली तर टिकली, म्हणाले. या ढवळीची आई गेली तेव्हा मी हिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. आज दिवसभर तिच्यापाशी बसून रडले. हे लिहून ठेवते, सांगणार कोणाला नाही.

२४ ऑगस्ट

सृष्टी म्हणाली, धडधाकट शेळीच्या पोटातलं पाणी हवं, ढवळीच्या पोटात सोडायला. आमच्या आठहीजणी पोळा जेवलेल्या. कडूबाईच्या शेळ्या तेवढ्या त्या दिवशी रानात होत्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला — अगं, हे तर विरजण! माझं नासलं की मी वाटी घेऊन कडूबाईकडंच जाते.

कडूबाई म्हणाली, "दही न्हेती ते ठीक हाय. आता शेळीचं प्वाट बी उसनं?" म्हटलं, घास घालायला आलीस तशी आता हेही घाल. आली बिचारी, शेळी ओढत. मी मान धरली, सृष्टीनं नळी घातली. गाळलं आणि कोमट होतं तोवर ढवळीला पाजलं. माझी साडी हिरवी झाली. गंमत म्हणजे वासाचं काही वाटलं नाही.

२६ ऑगस्ट

ढवळीनं रवंथ केला! तासभर समोर बसून बघितला. टीव्हीवर याहून चांगलं काही लागत नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

करण आला. सृष्टीनं जेवताना सांगितलं — विद्यापीठातले सर म्हणतात, आठही शेळ्यांचं पहिल्यापासून सुरू करावं लागेल. म्हणजे संक्रांत. करणनं ताटातच हात धुतले. "रविवारी टेम्पो आणतो. सामान बांध. शेळ्यांचं काय ते बास आता."

मग ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. खूश. "बरं केलंस आई. मला वाटलंच होतं, तू काहीतरी युक्ती काढशील."

युक्ती! मान वळवली तर दारात सृष्टी, हातात आरतीचं ताट. तिनं ऐकलं होतं.

२९ ऑगस्ट

ती बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. जवळ जाऊन म्हटलं, मी मुद्दाम नाही गं केलं. "माहितीये, आई." पण कशी म्हणाली! मी ह्यांना 'हो हो' म्हणते तशी.

आणि तिनं विश्वास ठेवावा तरी कशावर? नवऱ्याजवळ जा, नवऱ्याजवळ जा — हा जप मीच लावला होता. लाज वाटते. चिरंजीवांना तर वाटतंय की आईनं हातावर वाढवलेली शेळी त्यांच्या जेवणापायी मारायला काढली, आणि त्यांना त्याचं कौतुक आहे. छान पोरगा घडवलास, विजयमाला.

३१ ऑगस्ट, रविवार. सुपा

टेम्पोत मी बसले. तवा, पिठाचा डबा, चार साड्या. करणला म्हटलं, तुला घरचं जेवण हवं होतं ना, चल. सृष्टी मागं धावत आली — "आई, किती दिवस?" म्हटलं, संक्रांतीपर्यंत. तुझ्या शेळ्यांना धोका माझ्याच हाताचा, तो घेऊन चालले. ह्यांना विचारलं नाही. भाकरी थापायला शिकतील.

करण समोर जेवतोय, मान खाली घालून. भाजीत मीठ जास्त पडलंय. हे मात्र मुद्दाम.