गच्चीवरचे गुलाब गोराईला

मुकुल,

पोळ्या डब्यात आहेत, आमटी गरम करून घे. मी गुलाब घेऊन गोराईला विमलमावशीकडे चालले आहे. तिच्या अंगणात जागा आहे. जास्वंद टेम्पोत मावली नाही, तिला संध्याकाळी पाणी घाल.

सकाळी बागवाल्यांच्या ग्रुपवर पिवळ्या गुलाबाच्या कळ्यांचा फोटो टाकला. खाली पहिल्या मजल्यावरच्या निधीने लिहिलं, "गच्ची रिकामी कराल तेव्हा ही कुंडी मला दे ना." मला वाटलं, मस्करी करतेय. फोन केला तर तीच गडबडली. "अगं, गच्चीवर सोलर पॅनल बसणार ना! सोसायटीच्या मीटिंगमध्ये मुकुलनेच सांगितलं, सईची काही हरकत नाही म्हणून."

मला विचारलंस कधी?

त्या मीटिंगनंतरही तू रोज वर येत होतास, पाइप धरून उभा राहत होतास. कालच म्हणालास, "झकास कळ्या आल्यात, फोटो टाक ना ग्रुपवर." सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. मी एकटीच खत घालत बसले होते.

मी पॅनल अडवले नसते रे. तू सांगितलं असतंस तर रडले असते, तुझ्याशी भांडले असते, आणि मग आपण दोघांनी मिळून कुंड्या खाली आणल्या असत्या. आज त्या मी टेम्पोवाल्याबरोबर उतरवल्या. त्याने विचारलं, "ताई, घरात दुसरं कोणी नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

सई